नख कडक नको, चिवट हवं: फिंगरस्टाईल वाजवणाऱ्यांच्या उजव्या हाताची निगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याला राहणाऱ्या एक ताई दोन वर्षांपासून स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर फिंगरस्टाईल, म्हणजे पिक न धरता उजव्या हाताच्या बोटांनी तारा छेडून, वाजवतात. त्याआधी नायलॉनच्या तारांवर शिकल्या, तेव्हा नखांचा त्रास नव्हता. आता अनामिकेचं नख दर तीन-चार आठवड्यांनी मधल्या बोटाकडच्या कोपऱ्यातून फाटतं आणि तर्जनीच्या नखाचे पापुद्रे निघतात. तीन महिने बायोटिनच्या गोळ्या घेऊन झाल्या, नख कडक करणारं पॉलिश लावून झालं, फरक नाही. पाच आठवड्यांनी कार्यक्रम आहे. पार्लरमध्ये जाऊन ॲक्रिलिकची नखं करून घ्यावीत का, असं त्या विचारतात.

ताई, ॲक्रिलिक आत्ता नको. आणि ते कडक करणारं पॉलिश आजच बंद करा. मी गेली सत्तावीस वर्षं पुण्यात गिटार शिकवतो आणि नखाची तक्रार घेऊन येणाऱ्यांचे हात बघतो. त्यातल्या बहुतेकांचं नख मुळात चांगलं असतं. बिघडलेलं असतं ते तीन ठिकाणी: नखाच्या कडेचा आकार, पाण्याशी संबंध, आणि बोट तारेत किती खोल शिरतं ते. तुम्ही दिलेलं वर्णन वाचून मला तिन्ही थोडं थोडं दिसतंय, पण अनामिकेचा कोपरा हा आकाराचाच प्रश्न आहे याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही.

आधी नख म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण सगळे चुकीचे उपाय इथूनच सुरू होतात. नख केराटिन या प्रथिनाचं बनलेलं असतं. त्यात कॅल्शियम अगदी नगण्य असतं, त्यामुळे नखासाठी म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या खाण्यात अर्थ नाही. नखाला घट्टपणा येतो तो केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. नखाचे तीन थर असतात, आणि त्यातल्या मधल्या जाड थराचे तंतू आडवे जातात, बोटाच्या रेषेत उभे नाही. हे तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे. हाताने नख तोडायला गेलं की ते मुळाकडे सरळ चिरत जात नाही, आडवं वळून चंद्रकोरीसारखं निघतं. निसर्गाची ही मोठी सोय आहे, नाहीतर प्रत्येक चीर मांसापर्यंत गेली असती. पण वादकाला त्याचा तोटा असा की कडेला बारीक खाच पडली, की तिथून आडवं फाटायला वाट तयारच असते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, नख कडक नको, चिवट हवं. वाळलेली काडी कडक असते आणि कडकन मोडते. ओली फांदी वाकते आणि परत जागेवर येते. नख कडक करणाऱ्या बऱ्याच पॉलिशमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं. पहिले दोन आठवडे नख मस्त टणक वाटतं, माणूस खूश होतो. मग तेच नख काचेसारखं ठिसूळ होतं. शिवाय ते पॉलिश काढायला ॲसिटोन वापरलं, की नखातलं उरलंसुरलं तेलही जातं. तर्जनीचे पापुद्रे निघण्यात याचा वाटा नक्की असणार.

आता अनामिका. तुमची अनामिका बहुतेक वेळ पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर असते. नेहमीच्या लाइट सेटमध्ये (बारीक तारांच्या संचात) ती तार ०.०१२ इंचाची असते, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. गुंडाळी नसलेली, नुसती पोलादाची. नायलॉनची पहिली तार जाडीला त्याच्या दुपटीहून जास्त आणि मऊ. शिवाय स्टीलच्या लाइट सेटचा सहाही तारांचा मिळून ताण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या घरात जातो, नायलॉनचा चाळीसच्या आसपास राहतो. म्हणजे तुम्ही जुन्याच सवयीने, जुन्याच लांबीच्या नखाने, दोऱ्याऐवजी सुरीवर बोट ओढताय. पोलाद नखापेक्षा कठीण आहे, ते नखाला कापणारच. प्रश्न एवढाच की ते सगळ्या कडेवर पसरून थोडं थोडं झिजवतं, की रोज एकाच बिंदूवर करवत चालवतं.

हे पाहण्यासाठी एक काम करा. टेबल लॅम्पखाली उजवा हात तळवा आपल्याकडे करून धरा आणि अनामिकेच्या नखाची कड, अंगठ्याकडच्या बाजूपासून, हळूहळू प्रकाशात फिरवा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिलंत तर आणखी बरं. कोपऱ्याच्या थोडं अलीकडे एक बारीक खाच दिसेल, केसाच्या जाडीची. तीच तुमच्या पुढच्या फाटण्याची जागा. दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. शिफॉनची जुनी ओढणी घ्या, नखाची कड त्यावरून तार छेडतो तशी हलकी ओढा. धागा अडकला तर तिथे खाच आहे. माझ्या क्लासच्या कपाटात अशी एक आकाशी ओढणी बारा वर्षांपासून आहे, आणि नवीन विद्यार्थी हात तपासायला पहिल्यांदा तिच्याकडेच जातो.

आकाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याच एका गोष्टीने निम्म्याहून जास्त लोकांचा त्रास संपतो. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका तारेला आधी भेटतात ते अंगठ्याकडच्या बाजूने. तार आधी बोटाच्या मांसाला लागते, मग नखाच्या त्या बाजूला, मग कडेवरून घसरत पुढे जाते आणि सुटते. म्हणजे नखाची कड हा तारेसाठी उतार असायला हवा. अंगठ्याकडच्या बाजूला नख मांसाच्या अगदी लगत, जवळजवळ शून्य, आणि तिथून पलीकडे जाताना हळूहळू चढत गेलेलं, शेवटी गोल वळवून संपवलेलं. बहुतेक जण नख फॅशनसारखं मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना सारखं ठेवतात. किंवा कोपरा तसाच सोडतात, कारण तो कापायला जीव होत नाही. मग तार त्या कोपऱ्याखाली अडकते, बोट पुढे जातं, कोपरा मागे राहतो. तीन आठवड्यांत फाटतो. तुमचं नेमकं हेच होतंय.

लांबी मोजायची ती तळव्याकडून, मांसाच्या वर किती दिसतं ते. नायलॉनवर दीड-दोन मिलिमीटर चालतं. स्टीलवर मी एक मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाही, अनामिकेला तर त्याहून कमीच. ज्यांचं नख पुढे जाऊन खाली वळतं, पोपटाच्या चोचीसारखं, त्यांनी आणखी आखूड ठेवावं. सपाट नखवाल्यांना थोडी मुभा आहे. आखूड केलं की पहिले तीन-चार दिवस आवाज बारीक वाटेल, हाताला जागा सापडणार नाही. तेवढे दिवस धीर धरा.

नेलकटर उजव्या हाताच्या चार बोटांना लावू नका. तो नख कापताना दोन्हीकडून दाबतो आणि थर सुटायला तिथेच सुरुवात होते. काचेची फाइल घ्या आणि कोरड्या नखावर, एकाच दिशेने, बाहेरून आत चालवा. पुढे-मागे करवतीसारखी घासू नका. आकार झाला की खरं काम सुरू होतं. हार्डवेअरच्या किंवा गाड्यांच्या रंगाच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो, गाडीचा रंग गुळगुळीत करायला वापरतात तो. १००० नंबरचा एक आणि २००० नंबरचा एक घ्या, दोन्ही मिळून वर्षभर पुरतात. आधी १०००, मग २०००, कडेवरून आणि कडेच्या खालच्या धारेवरूनही. बोटाने ओठावर कड फिरवून पाहा, काच लागल्यासारखी लागली पाहिजे. मग ओढणी. हे रोज वाजवायला बसण्याआधी दोन मिनिटं. सुरुवातीला कंटाळा येतो, पण सुराकडे कान दिलात तर कंटाळा जातो. खरखरीत नखाचा आणि चकचकीत नखाचा आवाज एकाच गिटारवर दोन वाद्यांसारखा वेगळा येतो.

आपल्याकडच्या वाद्यांत ही गोष्ट नवीन नाही. सरोद वाजवणारे अनेक जण डाव्या हाताच्या नखाच्या कडेने स्टीलची तार दाबून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढतात. त्यांच्या नखाला तारेची खाच रोज पडते आणि ते ती रोज घासून काढतात, बैठकीत दोन रागांच्या मध्येही काढतात. सतारियाच्या बोटात तार छेडायची तारेची मिजराब असते, त्याचं नख सुटतं. गोव्यात फादो या पोर्तुगीज गाण्याच्या साथीला जी पोर्तुगीज गिटार वाजते, तिच्या स्टीलच्या जोडतारांसाठी वादक बोटांना कृत्रिम नखं चढवतात. म्हणजे स्टील आणि उघडं नख यांचं जमवून घ्यायचं तर रोजची डागडुजी आलीच.

पाण्याबद्दल. नखातून पाणी कातडीपेक्षा कितीतरी वेगाने आत-बाहेर करतं. भांडी घासली, नख फुगलं. पंख्याखाली बसलात, नख आकसलं. हे दिवसातून आठ-दहा वेळा झालं की थर एकमेकांपासून सुटतात. पापुद्रे म्हणजे तेच. पाण्याइतकाच दोष या फुगण्या-आकसण्याचा आहे, आणि साबणाने तेल धुऊन गेलं की तो वाढतो. तुम्ही घरकाम करता की नाही ते लिहिलेलं नाही, पण करत असाल तर भांड्यांना आणि धुण्याला रबरी हातमोजे घाला, आतून सुती अस्तराचे असले तर घाम कमी येतो. हात धुतल्यावर पुसून लगेच खोबरेलाचा एक थेंब चारही नखांवर, कडेला आणि मुळाशी चोळा. महागडं तेल लागत नाही. आंघोळीनंतर निदान अर्धा-पाऊण तास गिटार हातात घेऊ नका, ओलं नख मऊ असतं आणि त्याच वेळी सगळ्यात जास्त झिजतं. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात नख दिवसभर दमट राहतं, वाकतं. पुण्याच्या थंडीत उलट, कोरडं पडून तडकतं. त्यामुळे जुलैमध्ये मी तेल कमी करतो आणि नख आखूड ठेवतो, डिसेंबरमध्ये तेल दोनदा लावतो.

कणीक मळणं, लसूण सोलणं, कोळंबी साफ करणं, स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण उघडणं, जीन्सच्या खिशातून किल्ली काढणं. ही सगळी कामं डाव्या हाताला शिकवा. झाकणाला चमचा लावा. माझ्या माहितीत जितकी नखं तारेवर फाटली, त्याहून जास्त डब्याच्या झाकणांनी घेतली.

आता बायोटिन. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं आणि मुळापासून टोकापर्यंत यायला चार ते सहा महिने घेतं. म्हणजे आज तुमच्या तारेला लागणारी कड गेल्या हंगामात तयार झालेली आहे. तीन महिन्यांच्या गोळ्यांचा परिणाम, असलाच, तर अजून वाटेवर आहे. ठिसूळ नखांवर बायोटिनचे जे अभ्यास झाले ते दिवसाला २.५ मिलिग्रॅमचे, थोड्या लोकांवरचे आणि तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता केलेले. त्यावरून छातीठोक काही सांगता येत नाही. माणसाची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम आहे आणि दुकानातल्या गोळीत कित्येकदा १०,००० मायक्रोग्रॅम असतं. याहून महत्त्वाची गोष्ट, आणि ही कृपा करून लक्षात ठेवा: एवढ्या मात्रेत घेतलेलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयाच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे चुकवू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला आहे. रक्त द्यायला जाण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबमध्ये गोळी चालू असल्याचं सांगा.

आणि तपासणी खरंच करून घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड. लोह कमी असेल तर नखं पातळ होतात, फार कमी असेल तर चमच्यासारखी खोलगट होतात. थायरॉइड बिघडला तरी ती ठिसूळ होतात. आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता किती सर्रास आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या एका विद्यार्थिनीची नखं आम्ही वर्षभर घासत बसलो होतो आणि तिचं हिमोग्लोबिन आठ होतं. त्यानंतर मी हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारतो. नख जागेवरून सुटत असेल, रंग बदलला असेल, जाड होत असेल, तर गिटारच्या मास्तरांना विचारू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

ॲक्रिलिकला मी सरसकट नाही म्हणत नाही. स्टीलवर जोरकस वाजवणारे कितीतरी नावाजलेले वादक ती वर्षानुवर्षं वापरतात आणि त्यांचा आवाज उत्तम येतो. पण ते एकदाचं काम नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी भरून घ्यावं लागतं, आणि करणाऱ्याला वादकाचं नख कळावं लागतं. मी स्वतः एका पार्लरमध्ये तीन बोटांना करून घेतली होती. तिथल्या मुलीने मशीनने माझं नख इतकं घासलं की खालचं गुलाबी मांस गरम झाल्याचं जाणवलं, आणि मी संकोचाने गप्प बसलो. दोन महिन्यांनी ती काढली तेव्हा खाली नख नव्हतंच, कागद होता. पुढचे पाच-सहा महिने मी नुसत्या मांसाने वाजवलं. या रसायनांची काहींना ॲलर्जी होते आणि ती एकदा झाली की सहसा जन्मभर राहते. पावसाळ्यात कृत्रिम नख थोडं जरी उचललं गेलं, तरी खाली पाणी साचून हिरवट डाग पडतो, तो जंतुसंसर्ग असतो. कार्यक्रमाला पाच आठवडे असताना पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही. शिवाय त्या जाड नखाने तारेचा अंदाज सगळा बदलतो.

मधल्या काळात फाटलंच तर घरची दुरुस्ती शिकून ठेवा. चहाच्या टी-बॅगचा कागद कोरडा करून नखापेक्षा थोडा मोठा तुकडा कापा. चीर फक्त पांढऱ्या, मोकळ्या भागात असेल तरच पुढे जा. गुलाबी भागात गेली असेल, दुखत असेल, तर गोंद लावू नका. नख धुऊन पूर्ण कोरडं करा. फेविक्विकसारख्या गोंदाचा अगदी बारीक थेंब टाचणीच्या डोक्याने चिरेवर पसरवा, कागद ठेवा आणि प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा मध्ये धरून दाबा, पिशवीला हा गोंद धरत नाही. वाळल्यावर आणखी एक पातळ थर. दहा मिनिटांनी वॉटर पेपरने कड जुळवून घ्या, १००० आणि मग २०००. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. आणि कापूस मुळीच वापरू नका: हा गोंद कापसाला लागला की एकदम तापतो, बोट भाजतं. अशी पट्टी चार-पाच दिवस टिकते. जुने वादक टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून नखाला चिकटवत. तो उपाय सेल्युलॉइडच्या चेंडूंचा होता. स्पर्धांमध्ये २०१४ पासून दुसऱ्या प्लास्टिकचे चेंडू आले, त्यामुळे आता तो तुकडा हवा तसा मिळेलच असं नाही.

एक शक्यता लोक उगाच कमीपणाची मानतात, ती म्हणजे नखाशिवाय वाजवणं. एकोणिसाव्या शतकातले दोन स्पॅनिश गिटारवादक घ्या: फर्नांदो सोर बोटाच्या मांसाने वाजवत आणि दियोनिसिओ आग्वादो नखांनी. दोघे पॅरिसमध्ये मित्र होते, दोघांनी मिळून वाजवलंही आहे. पुढे फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकानेही आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत नखं सोडून दिली. मांसाचा आवाज गोल आणि जरा दबका असतो, माइक जवळ असेल तर फार सुंदर येतो. स्टीलवर त्याला दोन महिन्यांचा सराव लागतो. म्हणून या कार्यक्रमाला नाही, पण पुढे एखादा तुकडा तसा करून पाहा.

तर हे पाच आठवडे. आज अनामिकेचा कोपरा मांसापर्यंत घासून टाका, मन घट्ट करून टाका. पाच आठवड्यांत तिथे तीन मिलिमीटरच्या वर नवीन नख येईल, तुम्हाला हवं आहे त्याच्या तिप्पट. तारा ०.०११ च्या सेटच्या घाला, कार्यक्रमाला चार दिवस असतानाच, म्हणजे सूरही स्थिरावतील. पहिल्या तारेवर अनामिका किती खोल जाते ते मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. तार नखाच्या निम्म्याहून खाली जात असेल तर मनगट थोडं उचला आणि तारेच्या वरच्या वर वाजवायचा रोज दहा मिनिटं सराव करा, अगदी हळू, नुसत्या मोकळ्या तारांवर. अंगठ्याचं नख जात असेल तर थंब-पिक, म्हणजे अंगठ्यात घालायचं पिक, लावा, त्यात काही गैर नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळनंतर हात गरम पाण्यात घालू नका. गिटारच्या केसमध्ये फाइल, २००० चा कागद, टी-बॅगचे दोन तुकडे आणि गोंदाची नवी, न उघडलेली ट्यूब ठेवा. उघडलेली ट्यूब ऐन वेळी वाळलेली निघते.